न रडणारा वाफा

माझ्या वाफ्याला पाणी मिळत नव्हतं, कारण माझा वाफा चांगला होता. हे वाक्य मी पाणीपुरवठ्याच्या कचेरीत दोन-तीन टेबलांवर म्हणून पाहिलं. प्रत्येक टेबलावरच्या माणसानं 'बाई उन्हातून आलेल्या दिसतात' अशा नजरेनं माझ्याकडे बघितलं आणि पाण्याचा ग्लास पुढे सरकवला. तो मी प्यायले नाही. पाणी मला नको होतं, माझ्या वालाला हवं होतं.

मी शिवकांता उटगे. लातूरकडच्या आमच्या गावात मला चेहऱ्यानं कमी आणि आवाजानं जास्त लोक ओळखतात. एस.टी. स्टँडवर चौकशीच्या खिडकीत बसून मी नोकरीभर गाड्या पुकारल्या. डिझेल गेलं, कागदी तिकिटं गेली, पुढे पुढे ड्रायव्हरही गेले, पण "निलंग्याला जाणारी गाडी फलाट क्रमांक चारवर लागत आहे" हे सांगायला मी होतेच. यंत्राच्या आवाजावर म्हातारी माणसं बाकावरून उठतच नसत. मागल्या वर्षी निवृत्त झाले. लग्न केलं नाही. धाकट्या भावाच्या, नागेशच्या घरात मागच्या खोलीत राहते. घर आमच्या वडिलांचं, पण त्याच्या नावावर आहे. ते तसं का, ते पुढे सांगते.

मी निवृत्त झाले त्याच सुमारास नगरपालिकेनं जुन्या जिनिंग मिलच्या जागेवर सामूहिक परसबाग काढली. मागेल त्याला एक वाफा. त्यात फक्त सेंद्रिय भाजी लावायची. रासायनिक खताचा दाणा जरी सापडला तरी वाफा परत. मी अर्ज केला, वाफा मिळाला आणि खांबावर पाटी लागली, 'श्रीमती शि. बा. उटगे'. जन्मात पहिल्यांदा जमिनीच्या तुकड्यावर माझं नाव लागलं होतं. तुकडा दोन खाटांएवढा असेल नसेल. तरी मी त्या पाटीसमोर इतका वेळ उभी राहिले की रखवालदारानं काय हरवलंय म्हणून विचारलं.

नागेशनं शेजारचाच वाफा घेतला. त्याला बागेची हौस कधीच नव्हती. अक्काकडं आहे तर आपल्याकडंही असावा, एवढंच.

आम्ही सगळेच नवशिके. त्यामुळे दर रविवारी वर्ग असायचा. तो फरहीन पटेल घ्यायची. ती पाणीपुरवठा विभागात इंजिनिअर, वयानं माझ्या भाचीएवढी, आणि बागेचं तिला खरंखुरं वेड. पहिल्या दिवशी आम्ही खुरपी परजून गेलो, तर तिनं ती बाजूला ठेवायला लावली.

"आधी ऊन बघा," ती म्हणाली. "सकाळी सावली कुठं पडते, दुपारी कुठं सरकते ते बघत बसा. बाग आधी डोक्यात लावायची, मातीत नंतर."

मग तिनं एकेक गोष्ट समजावली. उंच वेल उत्तरेच्या अंगाला लावायचे, म्हणजे बुटक्या भाज्यांचं ऊन अडत नाही. मेथी, कोथिंबीर हाताशी, कारण ती रोज खुडायची असते. कडेनं झेंडू, कारण मुळांना गाठी आणणाऱ्या बारीक किड्यांना झेंडूची मुळं सोसत नाहीत. शेणखत पूर्ण कुजलेलंच घालायचं. ताजं घातलं तर रोप जळतं. बी विरळ पेरायचं. "नवशिक्याचा हात फार सढळ असतो," ती म्हणायची. "चिमटीनं टाका, मुठीनं नको." आणि सगळ्यात मोठी गोष्ट आच्छादनाची. मातीवर पाचोळ्याचा जाड थर पसरायचा, म्हणजे ऊन मातीला शिवत नाही आणि ओल टिकते.

वेळापत्रक पाळण्यात माझं आयुष्य गेलं, मला हे असं नीट सांगितलेलं फार आवडतं. मी तिच्या शब्दाबाहेर गेले नाही. उत्तरेला मांडव घालून वाल चढवला, त्याच्यापुढे वांगी, पुढे मेथी. पाचोळा गावभर हिंडून गोळा केला. दुपारच्या उन्हाच्या बाजूला चार बांबू रोवले आणि ट्रंकेतली हिरवी इरकल साडी काढून सावलीसाठी ताणून बांधली. ती साडी मी एकदाही नेसले नव्हते. नागेशनं ती बघितली, पण ओळखली नाही.

त्यानं टोमॅटो लावले. मुठीनं.

आता कानांची गोष्ट. पानांतून वाफ उडते, त्या ओढीनं खोडातल्या केसाहून बारीक नळ्यांतून पाण्याचा धागा मुळापासून वर खेचला जातो. माती सुकली की हा धागा ताणतो, आणि फारच ताणला की तुटतो. तुटला तिथं बुडबुडा धरतो आणि बारीक 'टक्' असा आवाज होतो. तो इतक्या उंच पट्टीतला असतो की माणसाच्या कानाला लागत नाही. तहानलेला टोमॅटो असा दिवसभर टकटकत असतो आणि आपण शेजारी उभं राहून आज किती शांत वाटतंय म्हणतो. हा आवाज टिपणारं यंत्र आधी प्रयोगशाळेत होतं. मग ते स्वस्त झालं, आणि आमच्यासारख्या मोजून पाणी पिणाऱ्या गावात येऊन पोचलं.

प्रत्येक वाफ्याच्या खांबावर वाटीच्या आकाराचा एक कान बसवला होता. टाकीतलं पाणी ठरलेलं. कुणाचा वाफा किती टकटकतो हे कान ऐकणार, त्याप्रमाणे यंत्र त्या त्या नळाला पाणी सोडणार. ज्याला जितकी तहान, त्याला तितकं पाणी. ऐकायला यापेक्षा न्यायाची गोष्ट नाही, आणि मीही उद्घाटनाला टाळ्या वाजवल्या होत्या. लोकांनी त्या टकटकीला 'रडणं' असं नाव दिलं. "आज माझी वांगी लई रडायलीत बघा," असं कौतुकानं सांगू लागले.

कौतुकानं, कारण रडणाऱ्या वाफ्याला पाणी जास्त हे एव्हाना सगळ्यांना कळलं होतं. मग लोकांनी डोकं चालवलं. पाचोळा काढून फेकला, कारण माती लवकर सुकली की रोप लवकर रडतं. रोपं दाटीनं लावली. सगळ्यात रडका टोमॅटो नेमका कानाखाली आणून ठेवला. निवृत्त हेडमास्तर बिडवे गुरुजींनी तर वाफ्यावर टेबलफॅन लावला, कारण वाऱ्यानं पानं सुकतात. फरहीननं शिकवलेलं सगळं उलटं केलं की पाणी दुप्पट मिळतं, हा आमच्या परसबागेचा शोध. नागेशचे टोमॅटो तर एकमेकांच्या तोंडचं पाणी ओढत सकाळपासून ठणाणा करायचे. त्याचा नळ सारखा सुटायचा आणि पाणी वाटेवर वाहून चिखल व्हायचा.

माझा वाफा गप्प होता. फोनवर रोज हिरव्या अक्षरांत यायचं, 'तहान नाही'. सुरुवातीला मी ते लोकांना दाखवत हिंडले. मग पाणी अर्ध्यावर आलं. मग त्याच्याही अर्ध्यावर. तरी वाल रडला नाही. मी घरून तांदळाचं धुवण, डाळ भिजवलेलं पाणी बादलीत भरून न्यायची आणि ओंजळी-ओंजळीनं घालायची. वाल दिसायला हिरवागार होता. फुलोरा तेवढा येत नव्हता. येईल म्हणून मी वाट बघत होते.

एक दिवस फोनवर सूचना आली. 'आपल्या वाफ्यास पाण्याची गरज आढळत नाही. शेजारील गरजू वाफ्यात विलीनीकरणास संमती द्यावी. संमती न दिल्यास नळ बंद राहील.' शेजारील गरजू वाफा म्हणजे नागेशचा. कचेरीतले ते पाण्याचे ग्लास दुसऱ्या दिवशीचे.

संध्याकाळी मी भाकरी थापत होते. नागेश दारात येऊन उभा राहिला.

"अक्का, ते संमतीचं बघितलीस का? नुस्ता अंगठा लावायचाय फोनवर."

"तू मागितलास माझा वाफा?"

"मी कशाला मागू? यंत्र म्हणायलंय. माझे टोमॅटो मरायलेत गं. बघतीस की रोज, कसे रडायलेत."

"दाट लावलास म्हणून रडायलेत."

"असू दे की. आता लावलेत तर काय उपटून टाकू?" मग अगदी प्रेमानं म्हणाला, "तुझं काय अक्का, तुझं भागतंय. तुझ्या वाफ्याला काही लागतच नाही."

तव्यावरची भाकरी करपली. तुझं भागतंय, हे वाक्य मी त्याच घरात आधीही ऐकलं होतं.

वडील गेले त्या वर्षी घराची आणि शेताची वाटणी निघाली. कायद्यानं दोघांचा वाटा सारखा. नागेश ओसरीवर बसून नातेवाइकांसमोर ढसाढसा रडला. दोन लेकरं, दुकान चालत नाही, कसं होणार. ते खोटं नव्हतं. माझ्याकडं कुणी बघितलं नाही, कारण मी आत पाहुण्यांचा चहा करत होते. बाहेर चुलते म्हणाले, "शिवकांताला नोकरी हाय. मागं ना पुढं कोण. तिचं भागतंय." मग रजिस्टर कचेरीत जाऊन मी हक्कसोडीवर सही केली. आमच्याकडं बहिणी करतातच. बहीण वाटा सोडते, भाऊ साडी नेसवतो, पुरणपोळीचं जेवण होतं आणि सगळे हसत घरी जातात. मला नागेशनं हिरवी इरकल दिली. मीही हसले होते, फोटो आहे.

"विचार करते," मी त्याला म्हणाले आणि दुसरी भाकरी तव्यावर टाकली. तो निर्धास्त होऊन गेला. माझ्या 'विचार करते'चा अर्थ आजवर 'हो' असाच निघत आला होता.

त्यात वेळ अमावस्या आली. बाहेरच्यांना सांगायला हवं, हा सण आमच्याच भागातला. मार्गशीर्षाच्या अमावस्येला सगळं गाव शेतात लोटतं. कडब्याची कोप, म्हणजे खोपटी, करून तिच्यात दगडांचे पाच पांडव मांडतात, पालेभाज्या आणि डाळी-शेंगा एकत्र शिजवून भज्जी करतात, आणि ज्वारीच्या पिठाची ताकातली आंबील मडक्यात आंबवून नेतात. जेवायच्या आधी आंबील घेऊन शेताला फेरी मारायची आणि पिकावर शिंपडत जायचं. शेतं राहिली नाहीत तशी गावातल्या माणसांची पंचाईत झाली होती. यंदा सगळ्यांनी परसबागेतच कोप उभी केली.

आंबील मी केली होती, दोन दिवस आधी घालून, चांगली फसफसलेली. मडकं नागेशनं डोक्यावर घेतलं. लहानपणी शेतात तोच घ्यायचा आणि मागून मी ओरडत जायची. आम्ही दोघं वाफ्यावाफ्यातून निघालो. तो कडुनिंबाच्या डहाळीनं आंबील उडवत होता आणि मी स्टँडवरच्या आवाजात "ओलगेऽ ओलगेऽ" ही फेरीची हाक पुकारत होते. मागून सगळे ओरडत होते. नागेशला भारी जोर चढला होता, तो झाडांवर, मातीवर, खांबांवर, दिसेल तिथं शिंपडत सुटला. त्या घटकाभरात मला त्याच्यावरचा राग आठवला नाही.

आम्ही जेवायला बसलो आणि सगळ्या नळांना एकदम पाणी आलं.

माझ्याही. बंद असलेला माझा नळ खाकरला, थुंकला आणि वाहायला लागला. लोक पत्रावळी टाकून उठले. सगळ्यांच्या फोनवर एकच, 'तीव्र तहान'. सगळे वाफे एकाच वेळी, सारख्याच जोरानं रडत होते, आणि टाकीतलं पाणी ठरलेलंच असल्यामुळे यंत्रानं ते सगळ्यांना सारखं वाटून टाकलं होतं. बिडवे गुरुजींनी पांडवांना हात जोडले. त्या दिवशी तसंच झालं, पुढचे काही दिवसही तसंच होत राहिलं. माझा वाफा किती तरी आठवड्यांनी पोटभर प्याला.

मग माझ्या वालाला कळ्या आल्या. एका देठावर नाही, सगळ्या मांडवावर. जांभळी-पांढरी फुलं उमलली तेव्हा मधमाश्या माझ्या डोक्याभोवती फिरत होत्या आणि मी वेड्यासारखी हसत होते.

फरहीन चौकशीला आली ती त्याच सुमारास. कचेरीचा संशय होता की कुणीतरी यंत्रात ढवळाढवळ केली. तिनं शिडी लावून माझ्या खांबावरचा कान काढला, त्याच्या वाटीत बोट घातलं आणि वास घेतला.

"ताई, हे काय आहे?"

"आंबील."

"आंबील? कानात?"

मी तिला सणाचं सांगितलं. ती शिडीवर बसूनच हसायला लागली. आंबलेल्या पातळ पिठात बुडबुडे धरतात आणि फुटतात. ते फुटताना जो बारीक आवाज होतो, तो कानाला झाडाच्या टकटकीसारखाच वाटत होता. वाटीतली आंबील सुकेपर्यंत ती तिथंच आंबत राहिली, आणि यंत्र समजत राहिलं की सगळी बाग तहानेनं मरायली आहे.

खाली उतरताना तिचं लक्ष मांडवावर गेलं आणि हसू थांबलं.

"हा वाल आत्ता फुललाय? इतक्या उशिरा?"

"पाणी मिळालं तेव्हा फुलला."

"पण याला तहान नव्हती. मी रोज आकडे बघते. एकदाही नव्हती." ती पाचोळ्यावर बसली आणि फोनवर काहीतरी शोधायला लागली. टाकीवर एक कॅमेरा आहे, तो गळती शोधण्यासाठी गारवा आणि उष्णता टिपतो. त्याची जुनी चित्रं तिनं मला दाखवली. नागेशचा वाफा निळा, म्हणजे गार. माझा वाफा आठवड्यामागून आठवडे लालबुंद.

"माझ्या वाफ्याला ताप होता?"

"तसंच म्हणा," ती सावकाश म्हणाली. "पानांना बारीक तोंडं असतात, लाखो. त्यांतून वाफ बाहेर जाते, म्हणून पान गार राहतं. टोमॅटो माती सुकली तरी तोंडं उघडी ठेवतो, मग त्याच्यातला पाण्याचा धागा तुटतो आणि तो रडतो. वाल तसा नाही. माती सुकायला लागली की तो तोंडं मिटून घेतो. धागा तुटू देत नाही. म्हणून आवाजच होत नाही."

"मग चांगलं आहे की."

"पाण्यापुरतं चांगलं. पण झाड हवा खातं ती त्याच तोंडांतून. तोंड मिटलं की तहान लांबते, पण जेवणही बंद. तो मरत नाही, हिरवा दिसतो, वाढत मात्र नाही. फुलत नाही." तिनं फोन मांडीवर उलटा ठेवला. "आम्ही ही चित्रं गळतीसाठी बघतो. पानांसाठी कुणी बघितलीच नाहीत."

"म्हणजे त्याचं भागत नव्हतं."

"नाही ताई. उपाशी होता. गप्प होता एवढंच."

मला रडू आलं नाही. मला राग आला, आणि तो इतका जुना निघाला की मलाच नवल वाटलं. गप्प आहे म्हणून पोट भरलेलं आहे, हा हिशेब यंत्राला कुणी शिकवला? आमच्याच माणसांनी. ओसरीवर बसून ते हाच हिशेब करत आले होते, आणि आत चहा गाळत मी मान डोलावत आले होते. त्या वालाच्या मुळाशी धुवणाच्या ओंजळी ओतताना मी स्वतःही त्याला 'भागतंय रे तुझं' म्हणत होते की नाही? म्हणत होते.

"आता काय करशील?" मी विचारलं.

"अहवाल लिहीन. यंत्राला पानांचा ताप बघायला शिकवता येईल. मंजुरी यायला वर्ष जाईल." ती खाली बघत होती. "तोवर नियम तोच. आजपासून कान पुसून बसवले की तुमचा नळ पुन्हा बंद."

"आणि मी काही केलं तर?"

फरहीननं कान फडक्यानं पुसला, परत बसवला, शिडी मिटली आणि जाता जाता म्हणाली, "कानात आंबील घालू नये असा नियम अजून कुठं लिहिलेला नाही, ताई. मी आत्ताच बघितलं."

पुढच्या रविवारी वर्गात सगळे जमले होते. मी उठून उभी राहिले. घसा साफ केला.

"सर्व बागवाल्यांनी कृपया लक्ष द्यावं," मी म्हणाले, आणि त्या आवाजावर सगळे आपोआप गप्प झाले. सवयच होती गावाला. "आजपासून दर आठवड्याला मी आंबील करून आणणार आणि प्रत्येक कानात पळीभर घालणार. माझ्या एकटीच्या नाही, सगळ्यांच्या. रडवायचंच असेल तर सगळ्यांना सारखं रडवीन. पाणी सारखं वाटलं जाईल."

बिडवे गुरुजी ताडकन उठले. "ही सरळ फसवणूक आहे, शिवकांताबाई!"

"गुरुजी, टेबलफॅन तुमचाच ना?"

लोक हसले. गुरुजी बसले. पण सगळेच हसले नाहीत. ज्यांचे वाफे दिवसभर ओरडत होते त्यांच्या कपाळाला आठ्या होत्या. एक बाई म्हणाली, "तक्रार करीन मी कचेरीत." मी म्हणाले, "करा. माझं नाव पाटीवर आहे, बघून लिहा. चूक लिहू नका." मी अशी कधी बोलले नव्हते.

"अक्का," नागेश मागून ओरडला, "सारखं वाटलीस तर माझे टोमॅटो मरतील की!"

"निम्मे उपट. उरलेल्यांखाली पाचोळा घाल. मरायचे नाहीत. कसं करायचं ते मी दाखवते."

तो रागानं उठून गेला.

त्या आठवड्यात मी खरोखरच आंबील घेऊन फिरले. काहींनी कान झाकून घेतले, काहींनी स्वतःहून शिडी धरली. ज्यांनी पाचोळा पसरलेलाच ठेवला होता आणि महिनोन्‌महिने कमी पाण्यावर काढले होते, अशी कितीतरी माणसं आमच्यात निघाली. ती आजवर बोललीच नव्हती. कचेरीतून पत्र आलं, खुलासा मागणारं. मी खुलासा पाठवला: 'आंबील ही प्रथा आहे. पाणी सर्वांना सारखे मिळते. तक्रार असल्यास वालाची फुले येऊन पाहावीत.' अजून उत्तर आलेलं नाही.

नागेश घरात माझ्याशी बोलत नव्हता. मग एका सकाळी मी शेंगा तोडत असताना तो वाफ्यावर आला. हातात पिशवी होती.

"अक्का, राग धरू नको. घरात असं बरं वाटत नाही." त्यानं पिशवीतून पुडा काढला. नवी इरकल, पिवळी, लाल काठाची. "हे घे. आणि ती संमती तेवढी देऊन टाक. भांडण मिटवू."

त्याच्या मनात काळंबेरं नव्हतं, हे मला ठाऊक आहे. बहिणीनं काही सोडायचं असलं की भावानं साडी आणायची, एवढंच त्याला कुणीतरी शिकवलं होतं, आणि ते त्यानं मनापासून पाळलं होतं.

"वर बघ," मी म्हणाले. "ती साडी ओळखतोस?"

त्यानं बांबूंवरच्या हिरव्या साडीकडे बघितलं. उन्हानं तिचा रंग उडाला होता, पण काठ शाबूत होता. मग त्याचा चेहरा बदलला.

"ही... ही तर मी दिलेली. रजिस्टर कचेरीच्या दिवशी."

"तीच."

"नेसली नाहीस कधी?"

"नाही. त्या दिवशीही माझं भागत नव्हतं, नागेश. कधीच भागलं नव्हतं. मी तोंड मिटून होते, म्हणून तुम्हाला वाटलं."

त्याचा फोन हातात होता, संमतीचं पान उघडं होतं, आणि अंगठ्याची जागा हिरवी लुकलुकत होती. शेजारी त्याच्या वाफ्यात निम्मे टोमॅटो उपटलेले मला दिसले. कधी उपटले कोण जाणे. पाचोळा मात्र त्यानं फार पातळ पसरला होता.

मी त्याच्या हातून पिवळी साडी घेतली आणि घडी मोडली. नव्या कापडाचा करकरीत वास आला.

"अंगठा?" त्यानं विचारलं.

"अंगठा नाही. वाफा माझा आहे." मी साडी वाफ्यावरून झटकून पसरली. "उन्हाळा येतोय. एका साडीनं भागणार नाही. धर ते टोक."

त्यानं फोन खिशात घातला आणि टोक धरलं. मी माझ्या बाजूची गाठ बांबूला करकचून मारली.